गुडघे टेकलेला माणूस कुणाला हवा होता?

1787 साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक समिती उभी राहिली आणि समिती म्हटली की शिक्का आलाच. भांड्यांचा बडा कारखानदार जोसाया वेजवुड या चळवळीतला. त्याच्या कारखान्यातल्या विल्यम हॅकवुड या कारागिराने शिक्क्यावरच्या चित्राचा मातीचा बिल्ला घडवला, जेमतेम सव्वा इंचाचा. फिकट पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या मातीत उठवलेला एक माणूस. कमरेला फडकं, बाकी उघडा. एक गुडघा जमिनीला टेकलेला, हातापायांत बेड्या, जोडलेले हात वर उचललेले, मान किंचित मागे, नजर वर. कडेने अक्षरं : ‘मी माणूस नाही का? तुमचा भाऊ नाही का?’

वेजवुडने हे बिल्ले फुकट वाटले. चळवळीचा सर्वांत राबणारा कार्यकर्ता थॉमस क्लार्कसन याने पुढे लिहून ठेवलं आहे की त्याला एकट्याला पाचशे मिळाले होते. लोकांनी ते कपाटात ठेवले नाहीत. पुरुषांनी तपकिरीच्या डबीच्या झाकणावर सोन्यात बसवून घेतले. बायकांनी कंकणांत जडवले, केसांच्या पिनांना लावले. एरवी फालतू गोष्टींमागे धावणारी फॅशन या एका खेपेला न्यायाच्या कामी आली, असं क्लार्कसन कौतुकाने म्हणतो.

मला त्या बिल्ल्यातला माणूस नेमका कुणाकडे बघतोय, हा प्रश्न पडतो. वर बघतोय म्हणजे समोर कुणीतरी उभं आहे. ते चित्रात नाही, कारण ती जागा बिल्ला घालणाऱ्याची आहे. बांगडीत तो बिल्ला मिरवणारी लंडनची बाई दर वेळी मनगटाकडे पाहताना स्वतःला त्या उभ्या जागी पाहत होती. प्रश्न ‘भाऊ नाही का’ असा असला, तरी भाऊ भावापुढे असा बसत नाही. शब्द बरोबरीचे होते, बसणं आश्रिताचं होतं आणि लोकांच्या डोळ्यांत बसणंच राहिलं.

गुलामगिरीविरोधी चित्रांनी युरोप-अमेरिकेचं मन वळवलं यात शंका नाही. माझं म्हणणं असं आहे की त्या चित्रांनी गोऱ्या समाजाला गुलामगिरी वाईट हे शिकवलं आणि त्याच धड्यात काळ्या माणसाची जागा खाली आहे हेही पक्कं केलं. पहिल्या शिकवणीचं श्रेय त्यांना मिळालं. दुसरीचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही.

आता चळवळीची बाजूही नीट मांडली पाहिजे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये काळ्या माणसाचं चित्र म्हणजे श्रीमंत घराण्याच्या तैलचित्रात कोपऱ्यात फळांचं तबक घेऊन उभा असलेला पोरगा, नाहीतर टिंगलीच्या छापील चित्रातला जाड ओठांचा विदूषक. त्या गर्दीत वेजवुडचा माणूस सुडौल आहे, गंभीर आहे, त्याला आत्मा आहे हे दिसतं. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनला हे बिल्ले मिळाले तेव्हा उत्तमात उत्तम पुस्तिकेइतका याचा परिणाम होईल असं त्याने कळवलं, आणि ते खोटं ठरलं नाही. 1792 साली संसदेकडे या व्यापाराविरुद्ध पाचशेहून अधिक सामूहिक अर्ज गेले. मतदानाचा अधिकार नसलेली लाखो माणसं सह्या करत होती, वेस्ट इंडीजची साखर चहात घालायची बंद करत होती. 1807 साली ब्रिटनमध्ये हा व्यापार कायद्याने थांबला. या सगळ्यात चित्रांचा वाटा नाकारणं म्हणजे कृतघ्नपणा होईल.

पण ‘त्या काळी दुसरा मार्गच नव्हता’ हे मात्र मला पटत नाही. दुसरा मार्ग त्याच लंडनमध्ये हिंडत होता. ओलौदा इक्वियानो हा स्वतः गुलामगिरीतून पैसे भरून सुटलेला माणूस. झाँग जहाजावरून शंभरावर जिवंत माणसं समुद्रात फेकून त्यांच्या विम्याचे पैसे मागितले गेले, ती बातमी 1783 साली ग्रॅनव्हिल शार्प या कार्यकर्त्याच्या घरी पोहोचवली ती त्यानेच. 1789 साली त्याने आत्मचरित्र छापलं. आधी वर्गणीदार गोळा करून, स्वतः गावोगाव फिरून विकलं, त्याच्या हयातीत नऊ आवृत्त्या निघाल्या. त्या पुस्तकाच्या आरंभीच्या चित्रात तो नीटनेटक्या कोटात आहे, हातात उघडं बायबल आहे आणि नजर थेट वाचकावर रोखलेली आहे. हे चित्र कुणाच्या बांगडीत बसलं नाही. बसणारही नव्हतं; आपल्याकडे रोखून बघणारा माणूस दागिन्यात कोण घालेल?

त्याच 1789 साली दुसरं एक चित्र आलं आणि त्याबद्दल माझं मत बरंच वेगळं आहे. लिव्हरपूलच्या ब्रुक्स या जहाजाचा आराखडा. सरकारने आदल्या वर्षी आरमारातल्या एका कॅप्टनला पाठवून जहाजांची मोजमापं घेतली होती. ती घेऊन आधी प्लिमथच्या आणि मग लंडनच्या समितीने हे पत्रक काढलं. जहाज वरून कापल्यासारखं दाखवलंय आणि त्यात दाटीने रचलेली 482 माणसं. पुरुषाला 6 फूट लांब आणि 1 फूट 4 इंच रुंद जागा. सोळा इंच म्हणजे आपल्या हिशेबाने हातभरसुद्धा नाही. मधल्या फळीवर झोपलेल्यांच्या डोक्यावर अडीच फुटांच्या आसपास उंची. ही चित्रातली माणसं म्हणजे जवळपास ठसे आहेत, एकाचा चेहरा दुसऱ्याहून वेगळा नाही, आणि त्यावरून या पत्रकावर पुष्कळ टीका झाली आहे. माणसांची पोती केली, असं म्हणतात.

मला वाटतं, ही टीका चुकीच्या ठिकाणी लागते. पोती चित्रकाराने केली नव्हती, जहाजमालकाने केली होती. खालच्या मजकुरात सांगितलेलं वाचा. 1788 च्या नव्या कायद्याने या जहाजावर 454 माणसं नेण्याची मुभा होती. चित्रात 482 बसवतानाच इंचभर जागा उरली नाही. आणि कायद्याआधीच्या एका फेरीत याच जहाजाने 609 माणसं नेली होती. म्हणजे डोळ्यांना असह्य होणारं हे चित्र वस्तुस्थितीपेक्षा सौम्य आहे. उरलेली सव्वाशे माणसं वाचकाने मनातल्या मनात कुठे कोंबायची ती कोंबावीत. यात कुणी हात जोडलेले नाहीत, कुणी कुणाकडे याचना करत नाही. जहाजाचं नाव आहे, बंदराचं नाव आहे, मापं आहेत. हा पंचनामा आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीतला पुढारी मिराबो याने त्यावरून लाकडी प्रतिकृती करून घेतली. मिराबो मुत्सद्दी होता. आकडा टेबलावर ठेवता आला की वाद कसा फिरतो हे त्याला कळत होतं.

ब्रुक्सच्या आराखड्यात उणीव आहेच, पण ती निराळी. त्यात सगळे निमूट पडलेत. प्रत्यक्षात दर दहा फेऱ्यांतल्या साधारण एका फेरीत गुलामांनी उठाव केला असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मालकांना ते ठाऊक होतं, म्हणून तर जहाजावर मजबूत आडभिंत घालून मागे तोफा रोखलेल्या असत. चळवळीच्या चित्रांत ही आडभिंत क्वचितच दिसते. उठाव करणारा गुलाम दाखवला तर गोऱ्या वाचकाच्या पोटात दयेच्या जागी भीती उठेल, हे चित्र काढवून घेणाऱ्यांना पक्कं माहीत होतं.

बायकांच्या चित्रांत तर गोष्ट आणखी बिघडते. 1792 च्या एप्रिलमध्ये चळवळीचा खासदार विल्बरफोर्स याने संसदेत गुलामांच्या जहाजाचा कॅप्टन किंबर याचं नाव घेतलं. जहाजावर एका कोवळ्या मुलीला त्याने छळून मारल्याचा आरोप होता. आठ-दहा दिवसांत व्यंगचित्रकार आयझॅक क्रुकशँकचं रंगीत चित्र दुकानांच्या काचेत लागलं. मुलगी एका पायाने उलटी टांगलेली, बाजूला दात विचकणारा कॅप्टन, दोर धरलेला खलाशी. चित्र किंबरच्या विरोधात आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण काचेसमोर उभी राहिलेली गर्दी संताप आणि चवीने बघणं यांतलं काय करत होती, हे त्या गर्दीलाही सांगता आलं नसतं. किंबर खटल्यातून निर्दोष सुटला. त्या मुलीचं खरं नाव कुणी नोंदवलेलं नाही. पुढे स्टेडमन या सैनिकाच्या सुरिनाममधल्या वृत्तान्तासाठी कवी-चित्रकार विल्यम ब्लेकने जी चित्रं खोदली, त्यांतही फटके खाणारी तरुणी जवळजवळ विवस्त्र आहे आणि ब्लेकची रेषा सुंदर आहे. ती रेषा सुंदर आहे हीच तिथली अडचण आहे.

अमेरिकेतला एक विरोधाभास मला फार बोलका वाटतो. दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांत पळालेल्या गुलामांच्या जाहिराती येत आणि पुष्कळदा त्यांच्या डोक्याशी एक तयार ठसा असे : काठीला गाठोडं बांधून चालू लागलेला माणूस. छापखान्यांना असे ठसे तयार विकत मिळत. म्हणजे गुलाम मालकाच्या जाहिरातीत काळा माणूस दोन पायांवर उभा आहे, निघाला आहे, त्याने काहीतरी ठरवलं आहे. खाली मजकूर : लिहिता-वाचता येतं, बोलायला चतुर, सुतारकाम जाणतो, खोटा परवाना दाखवील, सावध राहा. गुलाम काय योग्यतेचा माणूस आहे हे मालकाला नेमकं ठाऊक होतं, कारण त्यावर त्याचे पैसे लागले होते. त्याच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांच्या चित्रात मात्र तो हात जोडून बसलेला. 1835 साली पॅट्रिक रीझन या न्यूयॉर्कमधल्या काळ्या खोदकाराने ‘मी स्त्री नाही का? तुमची बहीण नाही का?’ हे चित्र खोदलं, तेव्हा त्यालाही ती बाई गुडघ्यांवरच बसवावी लागली. साचा इतका घट्ट झाला होता.

मालकांना आणखी एक गोष्ट चळवळीपेक्षा लवकर समजली. त्याच 1835 च्या जुलैत चार्ल्सटनमध्ये जमावाने टपालातून आलेली गुलामगिरीविरोधी पत्रकं बाहेर काढून जाळली, आणि डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी काँग्रेसपुढच्या संदेशात छापील चित्रांतून गुलामांना चिथावलं जातंय अशी तक्रार केली. चित्र वाचायला अक्षरओळख लागत नाही. ते गुलामही बघतील ही त्यांची धास्ती. चित्र काढणाऱ्यांच्या मनात मात्र प्रेक्षक कायम गोराच होता.

मुक्ती आली तेव्हा या सवयीचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनने 1833 साली आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा केला आणि त्याबरोबर 2 कोटी पौंडांची भरपाई दिली, मालकांना. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना दमडी नाही. उलट आणखी काही वर्षं त्याच मळ्यांवर शिकाऊ म्हणून ‘उमेदवारी’ करा, असा हुकूम. पुढे 1838 ला तीही संपली. हात जोडून बसलेल्याला स्वातंत्र्य दिलं की दान पूर्ण होतं. त्याची मजुरी थकली आहे हे त्या चित्रातून सुचतच नाही.

आपल्याशी थेट भिडणारा भाग इथेच आहे. 1820 च्या दशकात इंग्लंडमध्ये साखरेची भांडी विकली जात, वर मजकूर : ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न पिकवलेली’. सहा कुटुंबांनी ही साखर वापरली तर एका गुलामाची गरज कमी होते, असा हिशेबही त्यांवर छापलेला असे. हिंदुस्थानातल्या वेठबिगारांचं आणि बांधील गड्यांचं चित्र त्या भांड्यावर कुणी काढलं नव्हतं, म्हणून ते कुणाला दिसले नाहीत. 1833 च्या कायद्यातून कंपनी सरकारचा मुलूख वगळला होता, इथे कायदा व्हायला 1843 उजाडलं. दरम्यान मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मोकळ्या झालेल्या गुलामांच्या जागी करारावरचे हिंदी मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी सण करतात. करारावर अंगठा उठवणाऱ्या या माणसाच्या पायात बेडी दिसत नव्हती. इंग्लंडचे डोळे बेडी बघायला तयार झाले होते. करार त्यांना दिसला नाही.

आणि गुडघ्यावरचा माणूस उठून उभा राहिला तेव्हा? ऑक्टोबर 1865 मध्ये जमैकात मोरंट बे इथे पॉल बोगलच्या मागून शेकडो काळे शेतकरी आणि मजूर कचेरीवर चालून गेले. दंगल झाली, माणसं मेली. गव्हर्नर एअरने लष्करी कायदा लावून चारशेहून अधिक लोकांना ठार केलं, बोगलला फासावर दिलं. इंग्लंडात एअरवर खटला भरावा म्हणून विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल झगडला. पण कार्लाइल, डिकन्स, रस्किन, टेनिसन हे लेखक-कवी एअरच्या पाठीशी उभे राहिले. ज्या देशाने दोन-तीन पिढ्या ‘तुमचा भाऊ नाही का’ हे मनगटावर आणि भिंतीवर लावलं होतं, त्याच देशातली ही नामवंत मंडळी. वंशद्वेषाला, मळेवाल्यांच्या पैशाला यात मोठा वाटा होताच. पण दयेवर उभी केलेली सहानुभूती समोरच्याने नम्र राहावं या अटीवर मिळते, आणि ती अट चित्रात पहिल्या दिवसापासून होती.

हे सगळं सर्वांत स्पष्ट कुणी ओळखलं असेल तर फ्रेडरिक डग्लस यांनी. गुलामगिरीतून पळून आलेले, स्वतःचं वर्तमानपत्र चालवणारे डग्लस 1849 साली लिहितात की गोऱ्या चित्रकाराकडून काळ्या माणसाचं निःपक्षपाती चित्र निघणं जवळपास अशक्य आहे. इंग्लंडात छापलेल्या एका पुस्तकात त्यांचं जे खोदचित्र होतं, त्यात चेहऱ्यावर गोड, मवाळ भाव आणले होते. पळून आलेल्या गुलामाच्या चेहऱ्यावर असं काही असतं का, असा त्यांचा टोमणा. यावर त्यांनी उपाय काढला तो कॅमेऱ्याचा. एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रं निघालेला अमेरिकन माणूस बहुधा तेच. दीडशेच्या वर छायाचित्रं आज ज्ञात आहेत. बहुतेक सगळ्यांत काळा कोट, विंचरून मागे वळवलेले केस आणि कपाळावर आठी. हसू शोधून सापडत नाही. गुलामगिरीतूनच सुटलेल्या वक्त्या सोजर्नर ट्रुथ यांनी वेगळी वाट घेतली. डोक्यावर पांढरी टोपी, चष्मा, मांडीवर विणकाम, अशा स्वतःच्या छायाचित्रांची कार्डं त्या सभांत विकत. छायाचित्राचा हक्क त्यांच्या नावावर आणि पैसेही त्यांचे. देह चालावा म्हणून मी सावली विकते, अशी ओळ त्यांवर छापलेली असे.

अर्थात कॅमेरा आला म्हणून नजर बदलली असं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1863 च्या मार्चमध्ये बॅटन रूज इथे उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत एक पळून आलेला माणूस पोहोचला. कुठे त्याचं नाव पीटर येतं, कुठे गॉर्डन. खुर्चीवर पाठमोरा बसलेला, डावा हात कमरेवर, चेहरा एका बाजूला वळवलेला, आणि उघड्या पाठीवर वळांचं जाळं. हे छायाचित्र तुम्ही पाहिलं असणारच. पण 4 जुलैच्या ‘हार्पर्स वीकली’त ते एकटं नव्हतं. तीन चित्रं शेजारी शेजारी होती : चिंध्यांत छावणीत आलेला माणूस, मधे ती पाठ, आणि तिसऱ्या चित्रात गणवेश घातलेला, बंदूक घेतलेला सैनिक. ही तिन्ही चित्रं एकाच माणसाची आहेत असं त्या साप्ताहिकाने म्हटलं. अभ्यासकांना त्याबद्दल शंका आहे. तरी कथा म्हणून तिचा रोख सरळ होता. त्या युद्धात जवळपास 1 लाख 80 हजार काळ्या सैनिकांनी उत्तरेकडून भाग घेतला. जगाने मधलं चित्र ठेवलं, कडेची दोन टाकून दिली. आपली मराठी संकेतस्थळंसुद्धा गुलामगिरीवर काही छापायचं म्हटलं की मधलंच उचलतात.

1876 मध्ये वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कमध्ये मुक्तीचं स्मारक झालं. मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी वर्गणी काढली होती. पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या मुक्त झालेल्या बाईचे. पुतळा कसा असावा हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. थॉमस बॉल या शिल्पकाराने लिंकन उभे केले आणि पायाशी गुडघ्यावर एक काळा माणूस. नव्वद वर्षांनी वेजवुडचा बिल्ला ब्राँझमध्ये मोठा झाला, आणि या वेळी बाहेर राहिलेला उभा माणूसही आत आला. अनावरणाचं भाषण डग्लस यांचं होतं. लिंकन हे मुख्यतः गोऱ्यांचे अध्यक्ष होते, त्यांची खरी लेकरं तुम्ही, आम्ही फार तर सावत्र, असं त्यांनी तिथेच सुनावलं. काही दिवसांनी वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात ते म्हणाले, मरण्यापूर्वी मला असं स्मारक पाहायचंय ज्यात निग्रो चार पायांच्या जनावरासारखा गुडघ्यांवर नसेल, माणसासारखा ताठ उभा असेल. या बागेत आणखी एका स्मारकाला जागा आहे, असंही त्यांनी लिहिलं. बॉस्टनमधली याच शिल्पाची प्रतिकृती 2020 च्या डिसेंबरात हलवली गेली. वॉशिंग्टनचा पुतळा अजून आहे. माझ्या मते तो राहावा, फक्त चौथऱ्यावर डग्लस यांचं ते पत्र पूर्ण कोरावं. बागेने त्यांचं अर्धं म्हणणं ऐकलंही आहे : 1974 साली तिथे मेरी मॅक्लाउड बेथ्यून या काळ्या शिक्षणकार्यकर्तीचा उभा पुतळा बसवला आणि लिंकन यांचं तोंड वळवून तिच्याकडे केलं.

या सगळ्या काळात आपल्याकडे पुण्यात काय पोहोचलं? 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि स्वार्थत्यागाबद्दल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुईझियानातल्या कोलफॅक्स इथे गोऱ्या टोळ्यांनी कचेरीचं रक्षण करणारे निदान साठ काळे पुरुष मारले होते. फुल्यांपर्यंत ते पोहोचण्याचं कारण नव्हतं. समुद्र ओलांडून येत होती ती हितकर्त्यांची गोष्ट. तरी पुस्तक उघडून पाहा. अर्पणपत्रिकेनंतर पानोपानी धोंडिबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरं देतात, आणि ज्यांनी दास्य लादलं त्यांची उलटतपासणी चालते. हात कुणी जोडत नाही. इक्वियानोची नजर आणि ब्रुक्सचा पंचनामा, दोन्ही त्यात आहेत, चित्राशिवाय.

म्हणून आजच्या आपल्या वर्तमानपत्रांकडे पाहून चिडायला होतं. गटारात गुदमरून सफाई कामगार मेला की बातमीसोबत तोच फोटो : मॅनहोलमधून छातीपर्यंत वर आलेला, घाणीने माखलेला, उघडा माणूस. बहुधा वेगळ्याच शहरातला आणि कधीचा तरी, नाव नाही. वाचक हळहळतो आणि पान उलटतो. हाताने मैला साफ करवून घेण्यावर 1993 पासून कायद्याने बंदी आहे, 2013 साली कायदा आणखी कडक झाला. मग त्या बातमीत कामाचा आदेश छापा. ठेका कुणाच्या नावावर होता, सही कुठल्या अधिकाऱ्याची होती, सुरक्षेच्या सामानावर किती रुपये दाखवले होते, मॅनहोलची खोली किती फूट होती. आणि फोटो हवाच असेल तर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारून त्यांनी निवडलेला छापा. लग्नातला असेल, कोट घातलेला असेल, स्टुडिओतल्या खोट्या बागेपुढे ऐटीत उभा असेल. तोच छापा.